क्लच कुणी बदलायचा?

माझ्या बायकोकडे १९९३ सालची टोयोटा पिकअप आहे. बाकी जगात हिला हायलक्स म्हणतात. अमेरिकेत कंपनीने ते नाव १९७०च्या दशकातच सोडलं आणि नुसतं ‘पिकअप’ ठेवलं. चार सिलिंडरचं २२-आरई इंजिन, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना. चासी नंबर ४ने सुरू होतो, म्हणजे गाडी जपानहून आलेली नाही. आम्ही राहतो त्या फ्रीमाँटमधल्याच नुमी कारखान्यात ती जोडली गेली. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीतला तो कारखाना २०१०मध्ये बंद पडला. आज त्याच आवारात टेस्ला बनते आणि तिला क्लच नावाचा प्रकारच नसतो.

या पिकअपचा क्लच यंदा गेला. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र आपल्याच चालीने जायची. नेमके तेव्हा बायकोचे मामा आमच्याकडे आले होते. मामांची सगळी नोकरी एसटीत, चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. शेजारच्या सीटवर ते थोडा वेळ गप्प बसले, मग काच खाली करून हवा हुंगली आणि “प्लेट संपली” एवढंच म्हणाले. बायको म्हणाली, घरीच बदलू. मामा म्हणाले, मुळीच नाही.

पुढचं बोलणं मी ऐकलं तसं लिहितो आहे. मधे तोंड घालायची मला फारशी मुभा नव्हती. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं.

मामा: घरी म्हणजे कुठं? अगं, गिअरबॉक्स उतरवायचाय, कुकरचं झाकण नाही.

भाची: गॅरेजमधली फरशी सपाट आहे, पाहिलंय मी. बाहेर विचारलं तर बाराशे डॉलरच्या वर सांगतात. प्लेट, प्रेशर प्लेट, दोन्ही बेअरिंगं असा अख्खा सेट दोनशेच्या आत येतो. उरलेले हजार कशाचे?

मामा: हाताचे. तुझ्या ऑफिसात तुला पगार देतात, त्यात कॉम्प्युटरची किंमत किती आणि तुझी किती, असं विचारतं का कुणी?

भाची: मजुरीला माझी ना नाही, मामा. ती मोजतात कशी, ते मला पटत नाही. इथे कामाच्या तासांचं पुस्तक असतं. अमुक गाडीचा क्लच म्हणजे इतके तास, असं छापलेलं. बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला त्या छापील तासांचेच पैसे मिळतात. लवकर उरकलं तर त्याचा फायदा, गंजका बोल्ट तुटला तर त्याचं नुकसान. मग फ्लायव्हील लेथवर न्यायला, पायलट बेअरिंग तपासायला तो थांबेल कशाला?

मामा: चांगला कारागीर थांबतो. आणि पटकन करतो म्हणजे वाईट करतो, हे तुला कुणी सांगितलं? हाताला माहीत असतं म्हणून पटकन होतं. आमच्याकडे प्लेट हातात घेतली की ड्रायव्हर कसा आहे ते सांगणारी माणसं होती. घाटात क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याची प्लेट वेगळी झिजते, सपाटीवर नीट चालवणाऱ्याची वेगळी. त्यासाठी शेकड्यांनी प्लेटा बघाव्या लागतात. तू बघणार एक.

भाची: एकच, पण माझी. ती का झिजली हे कळलं तर पुढची जास्त टिकेल. आता कॅलिफोर्नियात आधी सांगून ठेवलं तर जुने पार्ट परत मागायचा हक्क आहे ग्राहकाला. पण प्लेट हातात मिळाली तरी ती वाचायला शिकवणार कोण?

मामा: मी आहे ना इथं!

मामांनी इथे स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. त्यानंतर विरोध चालू राहिला, पण विरोध करणारा माणूस गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलेला होता.

ज्यांनी आजवर स्कूटी किंवा ऑटोमॅटिक गाडीच चालवली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या क्रँकला फ्लायव्हील नावाचं जड चाक पक्कं बसवलेलं असतं. इंजिन चालू असेपर्यंत ते फिरतंच. त्याला चिकटून क्लच प्लेट असते; ती गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या शाफ्टच्या खाचांवर बसते. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणून इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. आपण पाय दाबला की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंग ढिली पडते, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. या सगळ्यात झिजतं ते प्लेटचं अस्तर. अस्तर स्वस्त आहे, पण ते बसलंय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध. गिअरबॉक्स मागे ओढून खाली घेतल्याशिवाय तिथे बोटसुद्धा शिरत नाही. त्यामुळे क्लच बदलायचं बहुतेक काम म्हणजे क्लचपर्यंत जाणं आणि परत येणं.

मामा: आधी स्टँड दाखव. जॅक उचलायला असतो, गाडी धरून ठेवायला नाही.

भाची: चार आहेत. मागच्या चाकांना ठोकळेही लावलेत.

मामा: हालवून बघितलेस? दाते पूर्ण अडकलेत का?

भाची: बघितले. २०२०मध्ये इथल्या एका दुकानसाखळीला लाखो स्टँड परत मागवावे लागले होते. भार सरकला की दाता सुटून स्टँड खाली यायचा. हे त्यातले नाहीत, नंबर ताडून घेतलाय.

मामा: आम्ही पिटमध्ये उतरून काम करायचो. गाडी जमिनीवर, माणूस खड्ड्यात. गाडी पडायचा प्रश्नच नव्हता. इथं माणूस जमिनीवर आणि गाडी हवेत. हे मला आवडलेलं नाही, सांगून ठेवतो.

मलाही ते आवडलेलं नव्हतं. घरच्या दुरुस्तीच्या हौशी गप्पांत गंजका बोल्ट, हरवलेला पाना, सांडलेलं ऑइल यांचं कौतुक फार चालतं आणि गाडीखाली चिरडलेल्या माणसाचा विषय एका वाक्यात उरकतात. खरा धोका तेवढाच आहे. बाकीचं सगळं पैशाचं आणि वेळेचं नुकसान.

काम सुरू झालं तेव्हा बायकोने प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण केली आणि मग बोल्ट काढले. मामांनी मान हलवली. खूण न करणाऱ्यांना शाफ्ट पुन्हा तसाच बसवता येत नाही आणि गाडी थरथरायला लागते. शाफ्ट निघाल्यावर गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल गळणार म्हणून तिने आधीच तेल काढून घेतलं होतं. जुन्या गिअर ऑइलला गंधकाचा वास असतो, तो कपड्यांतून जात नाही. गिअरचा दांडा केबिनमधून काढायचा: रबर वर करून खालची टोपी दाबायची आणि फिरवायची. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर रिलीज बेअरिंगपर्यंत पोचवणारा सिलिंडर, या गाडीत बाहेर आहे, त्यामुळे पाइप न उघडता तो दोन बोल्टांनी सोडवून बाजूला बांधून ठेवता आला. मग स्टार्टर. शेवटी गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट. ते दिसत नाहीत, खालून हातभर लांब एक्स्टेन्शन लावून अंदाजाने शोधायचे. बॅटरी धरणाऱ्याची लायकी इथे निघते.

भाची: प्रकाश जरा डावीकडे.

मामा: त्याला काय सांगतेस? बोटानं बघ. बोल्ट डोळ्यानं नाही बघायचा.

गिअरबॉक्स खाली आला. जुनी प्लेट निघाली तेव्हा रिव्हेटपर्यंत घासलेली होती आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडलेले होते. बायकोने कॉम्प्रेसरच्या हवेकडे हातही नेला नाही. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून धूळ ओली केली आणि पुसून पिशवीत बांधली.

मामा: एवढं कशाला? आम्ही फुंकर मारून साफ करायचो.

भाची: म्हणूनच. जुन्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असायचं. ही धूळ हवेने उडवू नये असा इथल्या कामगार सुरक्षेचा नियम कितीतरी वर्षांपासून आहे. उरलासुरला पांढरा ॲसबेस्टॉस वापरायला सरकारने बंदी घातली ती थेट २०२४मध्ये. ती जुनी प्लेट कुणी कुठली बसवली होती ते मला माहीत नाही, त्यामुळे धरून चालायचं की आहे.

मामा काही बोलले नाहीत. आपल्या बरोबरीच्या कुणाकुणाला खोकला होता, हे त्यांनी बहुतेक मनात मोजलं असावं. हा माझा तर्क. त्यांनी फक्त खुर्ची जरा मागे सरकवली.

नव्या सेटच्या खोक्यावर एक्झेडीचं नाव होतं. ते वाचून मामांचा चेहरा बदलला.

मामा: अरे, हे आपल्या चिकलठाण्यात आहेत की! एमआयडीसीत सीके डायकिन म्हणून कारखाना होता. त्याचंच पुढं एक्झेडी इंडिया झालं.

भाची: यावर जपान लिहिलंय.

मामा: असू दे. बघ, हेच मी म्हणतो. तिकडं प्लेट बनवणारा वेगळा, बसवणारा वेगळा, गाडी चालवणारा वेगळा. ज्याचं काम त्यानं करावं. तू सगळंच करायला निघालीस तर उरलेल्यांनी काय करायचं?

भाची: आपल्याकडे ज्याचं काम त्याने करावं, या वाक्याने हातांना काळं लावून घेणारे कोण आणि न लावणारे कोण, हे जन्माआधीच ठरवून टाकलं होतं, मामा. आईच्या घरी ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला पण माणूस बोलवायचे. इथे माझ्या ऑफिसातला मोठा साहेब रविवारी कुंपणाला खिळे ठोकतो. त्याची त्याला लाज वाटत नाही, उलट सोमवारी सांगतो.

मामा: तो खिळे ठोकतो कारण सुतार परवडत नाही. मजुरी महाग झाली की साहेब लोक श्रमाचं कौतुक करायला लागतात. आमच्याकडं मजुरी स्वस्त होती म्हणून साहेब खुर्चीत. यात मोठेपणा कुणाचा?

हा मामांचा टोला मला अजून आठवतो, कारण बायकोकडे त्याचं उत्तर नव्हतं. ती पायलट बेअरिंगकडे वळली. क्रँकच्या टोकात खोल बसलेलं हे छोटं बेअरिंग पकडीने निघत नाही. अमेरिकेत एक जुनी युक्ती आहे: भोकात पावाचा ओला गोळा ठासायचा, मापाची सळई घालून हातोडा मारायचा, आणि पाव मागून दाबत बेअरिंगला बाहेर ढकलतो. मामा म्हणाले, ग्रीस भरून आम्हीही तेच करायचो, पाव वाया कशाला घालवता. तत्त्व दोन्हीत एकच. पण पाव जिंकला, कारण ग्रीस नंतर पुसत बसावं लागतं.

फ्लायव्हील मशीन शॉपमध्ये देऊन त्यावर फेस मारून आणला. ते काम घरी होत नाही, यावर दोघांचं एकमत होतं. बसवताना बायकोने टॉर्क पाना काढला: फ्लायव्हीलच्या बोल्टांना ८० फूट-पौंड, प्रेशर प्लेटच्या बोल्टांना फक्त १४, आणि तेही एकदम नाही, समोरासमोरचे थोडे थोडे करत. सेटबरोबर आलेली प्लॅस्टिकचा शाफ्ट घालून प्लेट मधोमध धरायची. ती केसभर सरकली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही आणि माणूस तासभर खाली पडून गिअरबॉक्सला शिव्या देतो.

मामा: चौदा? बोटानंच होतं की.

भाची: तुमच्या बोटाला शेकडो प्लेटांचा अंदाज आहे. माझ्याकडे पाना आहे. शेवटी बोल्ट सारखाच घट्ट.

मामा: हं. पण आता मी विचारतो ते ऐक. इथं असल्या गाड्या किती राहिल्यात?

भाची: नव्या गाड्यांत क्लचवाल्या शंभरात जेमतेम एक-दोन विकल्या जातात. पिकअपमध्ये टोयोटा टकोमाला अजून मिळतो, बाकी बहुतेकांनी बंद केला. म्हणून तर म्हणते, तुमचा शेकडो प्लेटा बघितलेला कारागीर इथे आता कुठून येणार? गॅरेजमधल्या पंचविशीतल्या पोराने माझ्याइतक्याच बघितल्यात.

मामा: आणि ती एक पण तू घरी बसवलीस. मग तो शिकणार कशावर? आपल्याकडं १९६१च्या कायद्यानं एसटीला शिकाऊ पोरं घ्यावी लागतात. आयटीआयतून येतात, पहिले काही महिने नुसते पाने देतात. एक दिवस उस्ताद म्हणतो, आज तू बसव. त्या दिवशी बसवायला क्लच लागतो, बाई. तो कुणीतरी गॅरेजात पाठवलेला असावा लागतो.

भाची: म्हणजे एखाद्याला शिकता यावं म्हणून मी बाराशे डॉलर द्यायचे?

मामा: तुझ्या डॉक्टरकडं नाही का देत?

दोघंही खरं बोलत होती. तरी मला वाटतं, दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट सुटत होती. मामांच्या कार्यशाळेतून निघालेला क्लच घाटात बसला तर पन्नास माणसं रस्त्यावर, एखाद्याची परीक्षा हुकलेली, एखादीला दवाखान्यात पोचायचं असलेलं. तिथे चुकायची परवानगी नाही, म्हणून तिथे हात पक्के लागतात आणि ते पगार देऊनच पक्के करावे लागतात. आमच्या पिकअपचा क्लच चुकला असता तर ती गॅरेजमधून निघालीच नसती. क्लच बिघडतो तो माणसाला मारत नाही, फक्त थांबवतो. म्हणून शिकायला तो चांगला. याच बायकोने उद्या ब्रेकचे पाइप किंवा स्टिअरिंगचे जॉइंट घरी करायला काढले, तर मी मामांच्या शेजारी खुर्ची टाकून विरोधाला बसेन. ‘घरी करावं की करू नये’ या वादात भाग कुठला आहे हे कुणी विचारतच नाही.

कायदाही हे विचारत नाही, हे विशेष. इथून दीड-दोन तासांवरच्या सॅक्रामेंटो काउंटीत घरच्या दुरुस्तीवर बंधनं आहेत: घरात सहसा नसतात अशी हत्यारं वापरायची नाहीत, त्या घरात न राहणाऱ्याची गाडी घ्यायची नाही, आणि बंद गॅरेजच्या बाहेर गाडी चोवीस तासांहून जास्त खोलून ठेवायची नाही. रोख शेजाऱ्याच्या डोळ्यांना होणाऱ्या त्रासावर आणि घरात चालणाऱ्या चोरट्या धंद्यावर आहे. उलट मॅसॅच्युसेट्सने २०१२मध्ये गाडी दुरुस्त करायला लागणारी माहिती मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजला द्यायला कंपन्यांना कायद्याने भाग पाडलं, आणि २०२०मध्ये मतदारांनी तो हक्क गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला. आमच्या १९९३च्या गाडीला यातलं काहीच लागत नाही. तिची सगळी गुपितं बारा आणि चौदा नंबरच्या पान्यांनी उघडतात.

मामा: एवढा त्रास असेल तर नवी घे ना. आपली महिंद्राची येत नाही का इथं?

भाची: यायची होती. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलंही होतं, पण बारगळलं. बाहेरून आलेल्या पिकअपवर इथे २५ टक्के जकात आहे, १९६४पासून. कोंबड्यांमुळे.

मामा: कशामुळं?

भाची: युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर जकात लावली, म्हणून जॉन्सन साहेबांनी बदला घेतला. बाकीच्या वस्तूंवरची पुढे निघाली, पिकअपवरची राहिली. जपानी कंपन्या मग नुसती चासी-केबिन आणायच्या आणि मागचा हौदा इथे लाँग बीचला बनवून लावायच्या. पुढे ती पळवाटही बंद झाली. म्हणून तर ही फ्रीमाँटमध्ये जोडली.

मामा बराच वेळ हसत होते. चिकलठाण्यात हे कुणी खरं मानणार नाही, म्हणाले.

गाडी निघाली. क्लच वर, अगदी शेवटी पकडायला लागला. मामांनी पेडलचा खेळ तपासून नट थोडा फिरवला, तेवढाच त्यांनी हात लावला. जुनं तेल बायकोने डब्यात भरून पार्टच्या दुकानात दिलं, तिथे ते फुकट घेतात. दोन घरं सोडून राहणारे एक गृहस्थ हे सगळं येता-जाता बघत होते. त्यांच्याकडे जुनी फोर्ड रेंजर आहे, क्लच जड झालाय. त्यांनी बायकोला विचारलं, माझीपण करून देशील का?

मामा: रेंजरचा स्लेव्ह कुठं असतो?

भाची: तिच्यात आत असतो, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती. तो गळला तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

मामा: मग अवघड आहे. किती घेणार?

भाची: शेजाऱ्याकडून कसले घेणार? आणि कॅलिफोर्नियात पैसे घेऊन गाडी दुरुस्त करायची तर सरकारी दुरुस्ती ब्युरोकडे नोंदणी लागते.

मामा: मग कर नोंदणी.

भाची: मामा, नोंदणी केली, पैसे घेतले, की मला वेळेत द्यावी लागेल. एवढ्या सावकाशीनं कोण करू देईल?

मामा: आता बोललीस.

भाची: पण मी नाही म्हटलं तर ते ती विकून टाकणार. गॅरेजवाल्याने त्यांना गाडीच्या किमतीएवढा खर्च सांगितलाय.

मामांनी रेंजर कुठे उभी आहे ते विचारलं आणि चपला घातल्या. फक्त आवाज ऐकून येतो, म्हणाले.